डॉक्टरांचा हात

चौकशी समितीच्या अहवालात असे म्हटले आहे की, ‘उसंत’ या निवासी बोटीच्या अपघाताला मृत गृहस्थ स्वतःच कारणीभूत होते. बोटीच्या पुढच्या टोकावर उभे राहून त्यांनी मार्ग दाखवणारा तरंगता लाल बोया सोडून डावीकडे जाण्याचा इशारा केला, सुकाणूवर बसलेल्या त्यांच्या पत्नीने तो पाळला, आणि बोट बोयाच्या डाव्या बाजूने अधिकृत मार्गाबाहेर जाऊन वाळूत आदळली. पतीचे ऐकणे स्वाभाविक असल्याने पत्नीवर ठपका नाही. जलमार्ग खात्याच्या खुणा यथास्थित होत्या.

या परिच्छेदात सत्य नाही असे कोणी म्हणू नये. गृहस्थ खरोखरच पुढे उभे होते, आणि त्यांनी खरोखरच डावीकडे हात केला होता. पलीकडून जाणाऱ्या फेरीबोटीतल्या उतारूंनी तो पाहिला होता. सरकारी असत्याचे बांधकाम असेच असते. पाया खऱ्याचा घालतात, म्हणजे वरचे मजले कोणी ठोकून पाहत नाही. पत्नीने तो हात पाळला, हे मात्र कोणीही पाहिलेले नव्हते. ते समितीने गृहीत धरले. बायको नवऱ्याचे ऐकते, हा समितीच्या लेखी एवढा भक्कम पुरावा होता की खुद्द बायकोला विचारणे अगोचरपणाचे ठरले असते. तिला विचारले ते इतकेच: “मिस्टरांनी हात केला होता ना?” ती म्हणाली, “हो.” उरलेले वाक्य समितीने स्वतःच्या मनाने पुरे केले.

बोट बोयाच्या डावीकडून गेलीच नव्हती.

ती उजवीकडून गेली होती. नकाशा सांगत होता तशी, नियम सांगत होता तशी, बोयाला जवळजवळ अंग घासून. हे जगात दोनच माणसांना माहीत होते. एक त्या बाई. दुसरा कोण, ते पुढे येईल.

बाई जमीन मोजणीच्या कार्यालयात नकाशे काढत. दुसऱ्यांनी मोजून आणलेली जमीन तलम कागदावर शाईने उतरवायची, हे त्यांनी हयातभर केले, आणि त्यातून त्यांची एक श्रद्धा तयार झाली: जे कागदावर आले आहे, ते कोणीतरी तिथे जाऊन डोळ्यांनी पाहिलेले असते. नवरा दातांचा डॉक्टर. ज्यांच्या तोंडात हत्यार आहे अशा लोकांशीच बोलण्याची सवय असल्यामुळे समोरून उत्तर येते ही कल्पना त्यांना थोडी उशिराच आली. नोकरी आणि दवाखाना दोन्ही आटोपल्यावर दोघांनी राहते घर विकून एक जुनी, रुंद पोटाची बोट घेतली.

“लोक म्हातारपणी जमिनीत पाय रोवतात,” डॉक्टरांची धाकटी बहीण म्हणाली होती. “आमच्या दादाने बुडणारी वस्तू घेतली.”

बोट बुडाली नाही. बहिणीचा मुक्कामही त्यामुळे लांबला. पहिल्याच वर्षी ती राहायला आली आणि कुरकुर करत करत रमली. तीन अरुंद बिछाने, भांडे घसरू नये म्हणून कठडा लावलेली शेगडी, कड्या घातल्याशिवाय न राहणारी कपाटे. डॉक्टरांनी दवाखान्यातला दातांचा आरसा बरोबर आणला होता. तो इंजिनाच्या पोटात घालून ते तेलाची गळती शोधत आणि म्हणत, “आ करा, अजून मोठा आ.” किनाऱ्याला समांतर, वाळूच्या पट्ट्यांच्या आडोशाने जाणारा तो जलमार्ग शांत होता. भरतीबरोबर एका खाडीतून दुसरीत जायचे, छोट्या धक्क्यांना बोट बांधायची, पाणी भरायचे, भाजी आणायची, पुढे निघायचे. डॉक्टर बायकोला ‘सरकार’ म्हणत. ती त्यांना ‘डॉक्टर’च म्हणे; चिडली की ‘अहो डॉक्टरसाहेब’.

बोटीवरचे पहिले मोठे भांडण नांगर टाकताना झाले. ती मागे सुकाणूवर, ते पुढे साखळीपाशी, मध्ये इंजिनाचा आवाज. दोघांचे ओरडणे एकमेकांखेरीज सगळ्यांना ऐकू गेले. धक्क्यावरच्या मंडळींनी नीट दिसावे म्हणून खुर्च्यासुद्धा वळवून घेतल्या. त्या दिवशी चहा पिताना दोघांनी नियम केला. पुढे उभ्या असलेल्याचा हात म्हणजे हुकूम. मागच्याने विचारायचे नाही, अडायचे नाही, फक्त चाक फिरवायचे. वाद घालायचा तो नांगर टाकल्यावर, चहाबरोबर. नियमाला कारणही होते. सुकाणूवरून केबिनच्या छपरापलीकडचे जवळचे पाणी दिसत नसे, आणि खोली मोजणारे यंत्र बोटीखालचे पाणी सांगते, पुढचे नाही. पुढे उभा असलेला माणूस हेच त्या बोटीचे डोळे होते.

डोळे फार भरवशाचे होते असे नाही.

“सरकार, खडक होता! वाचलो!”

“ढगाची सावली होती ती, डॉक्टर.”

“अगं, पण सावली कशाची तरी असतेच ना?”

“ढगाची. आत्ताच सांगितलं.”

एकदा त्यांनी तरंगत्या प्लास्टिकच्या कागदासाठी बोट पूर्ण वळवायला लावली. आजूबाजूच्या बोटींवर त्यांच्या या खबरदारीची थट्टा होई आणि ते स्वतः ती सगळ्यांत मोठ्याने हसून ऐकत. पण बाईंनी हात पाळला नाही असे कधी झाले नव्हते. सावलीलाही त्यांनी वळसा घातला होता. हात करताना डॉक्टर मागे वळून पाहत नसत. मागे पाहणे म्हणजे हात पाळला गेला की नाही याची शंका घेणे, आणि तसली शंका त्यांनी घरातही कधी घेतली नव्हती.

अपघाताच्या दिवशी बोटीवर दोघेच होते. आकाश निरभ्र होते आणि वारा पडलेला होता. दुपारचे ऊन पाण्यावर सपाट पसरले होते. सकाळीच डॉक्टरांनी एका रिकाम्या पिंपाभोवती बोट फिरवायला लावून भरतीची वेळ घालवली होती, आणि बाई थोड्या धुमसत होत्या. समोर लाल बोया आला. नकाशाप्रमाणे तो डाव्या हाताला ठेवायचा, त्याच्या उजवीकडून जायचे. बाईंची सवय खुणेच्या अगदी लगत जाण्याची होती. पट्टीला टेकवून शाईची रेघ ओढावी तशी.

तेव्हा डॉक्टरांनी डावा हात वर केला.

बाईंनी तो पाहिला. हेच वाक्य अहवालात कुठे नाही, आणि सगळी गोष्ट या एका वाक्याची आहे. त्यांनी हात पाहिला, मग बोया पाहिला, मग मांडीवरचा नकाशा पाहिला. बोया नकाशात होता तिथेच होता. नकाशा आणि बोया दोघेही एक सांगत होते, आणि डॉक्टर एकटे दुसरे सांगत होते. त्यांच्या मनात आले, पुन्हा पिंप. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ ते मनात राहिले. त्यांनी चाक सरळ ठेवले.

डॉक्टरांना पुढे काय दिसत होते, ते बाईंना नंतर, पुढच्या टोकाशी गेल्यावर कळले. बोयाच्या उजवीकडे, जिथे सरकारी हिशेबाने पाणी दोन पुरुष खोल होते, तिथे दोन पांढरे पक्षी पाण्यात पाय रोवून उभे होते. डॉक्टरांनी हात पुन्हा, जोरात केला. मागे पाहिले नाही. कठडा सोडला होता, कारण इशाऱ्याला तोच हात लागत होता. आणि हात दिला की बोट वळते, हा इतक्या वर्षांचा अनुभव असल्यामुळे त्यांनी वळणाऱ्या बोटीवर उभे राहावे तसे अंग आधीच डावीकडे झुकवले होते. बोट वळली नाही. ती सरळ जाऊन थांबली.

वाळूत कधीकाळच्या धक्क्याचे खांब गाडलेले होते; डॉक्टर कठड्यावरून त्यांतल्या एकावर जाऊन पडले. बोटीची मागची बाजू फिरली, डावे अंग बोयाला घासत गेले, इंजिन आपोआप बंद पडले. बाई पुढे गेल्या आणि खाली उतरल्या. जलमार्गाच्या मधोमध, नकाशावर गडद निळा रंग भरलेला आहे त्या जागी, त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. तिथेच बसून त्यांनी डॉक्टरांचे डोके मांडीवर घेतले. खांबाने केलेली जखम लहानच दिसत होती. ते काही बोलले नाहीत. बोलक्या माणसाने शेवटचे तरी काही बोलावे ही अपेक्षा गोष्टींमध्ये पुरी होते.

त्या डॉक्टरांसोबत इस्पितळात गेल्या. तेवढ्या अवधीत खात्याच्या लाँचने बोट ओढून धक्क्याला लावली, आणि बोया रंगवण्यासाठी उचलून नेला. समिती पाहणीला आली तेव्हा तो लखलखीत रंगात परत टाकलेला होता. जिथे होता तिथे नव्हे, जिथे असायला हवा होता तिथे. समितीने खुणा यथास्थित असल्याची खात्री करून घेतली, आणि त्या दिवसापुरती ती खात्री अगदी खरी होती.

मग बाईंनी ते “हो” म्हटले आणि त्यानंतर काहीच म्हटले नाही. त्यात कावा नव्हता. त्यांना वाटत होते की पुढचा प्रश्न येईल: तुम्ही वळलात का? त्याचे उत्तर त्या घशाशी घेऊन बसल्या होत्या. प्रश्न आला नाही. त्याऐवजी त्यांना पाण्याचा पेला देण्यात आला.

अहवालाचा मसुदा आला त्या दिवशी नणंद बोटीवरच होती. बाई तिला वन्सं म्हणत. तिने मसुदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“चला, सुटलीस वहिनी.”

“सुटले?”

“ठपका नाही म्हणतायत ना तुझ्यावर? मग झालं तर. हरकत असेल तर येऊन सांगा म्हणतायत, ते काही करत बसू नकोस. दादाला कुठे पाण्यातलं कळत होतं? तूच सांग. दाढा उपटायच्या सोडून खडक शोधत बसायचा.”

“वन्सं, त्यांचं नाव लागलंय त्यात.”

“लागू दे. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? तुला अजून जगायचंय.” मग तिचा आवाज चिरकला. “मला नाही का वाईट वाटत? माझा सख्खा भाऊ गेला. पण हात त्यानेच केला ना गं. उगाच कुणाला बोल लावायचा?”

बाईंनी शेगडीवरचे दूध उतरवले. बोलल्या असत्या तर समोरच्या बाईला सांगावे लागले असते की तुझ्या भावाला त्या दिवशी पाण्यातले कळत होते, आणि मला नाही.

बोटीचे खालचे लाकूड दुरुस्त करणारा सुतार आला तेव्हा डाव्या अंगाला घासलेला लाल पट्टा त्याला खटकला. “बाई, हा घासून काढतो बघा. शाळेतनं रंग माखून आल्यासारखी दिसतीय.”

“राहू दे.”

“फुकट करून देतो म्हटलं तरी?”

“राहू दे रे बाबा. तेवढं सोडून बाकी कर.”

सुताराने खांदे उडवले. दुःखातल्या माणसाचे लहरीपण समजून घेण्याइतका तो दुनियादार होता. तो पट्टा आपण का ठेवतो आहोत, हे बाईंनी स्वतःशीही नीट उच्चारले नव्हते. त्या एवढेच जाणत होत्या की तो उजव्या अंगाला नाही.

आणि हे असेच राहिले असते. सत्याला बाहेर पडण्याची उपजत ओढ असते हा सुखी लोकांचा समज आहे. बाईंना शरमेने गप्प केले होते, आणि शरम पुष्कळ टिकाऊ असते. त्यांना बोलते केले ते एका फालतू विनोदाने.

धक्क्यावरच्या नळाशी त्या कळशी भरत होत्या. पलीकडे एक बोट धक्क्याला लागत होती. एक जण पुढे दोर घेऊन उभा, त्याचा साडू मागे सुकाणूवर. पुढच्याने डावीकडे हात केला.

“काय रे,” मागचा ओरडला, “नीट सांगतोयस की डॉक्टरांचा हात दाखवतोयस?”

धक्क्यावर हशा पिकला. हसणाऱ्यांपैकी दोघे डॉक्टरांच्या हातून दाढ काढून घेतलेले होते, तीही फुकट. बाई तिथे आहेत हे कोणाच्या तरी लक्षात आले आणि हसणे एकदम आटले. सुकाणूवरचा साडू धावत आला.

“काकू, चुकलो हो. तोंडातून गेलं. हल्ली सगळेच म्हणतात ना, म्हणून.”

“सगळेच म्हणतात?”

“म्हणजे… कुणी भलतीकडे हात केला की. वाईट अर्थाने नाही, काकू.”

कळशी भरून वाहत होती. बाईंनी नळ बंद केला. हयातीत डॉक्टरांची थट्टा झाली ती त्यांच्या चुकांची. मेल्यावर थट्टा चालली होती ती त्यांच्या एकुलत्या एका अचूक हाताची, आणि तो हात आता पोरासोरांच्या तोंडी चुकीचे दुसरे नाव होऊन बसला होता. अहवाल कपाटात पडून राहतात. नावे धक्क्याधक्क्याला फिरतात.

“वन्सं,” बोटीवर येऊन त्या म्हणाल्या, “उद्या साडी इस्त्री करून घ्या. हरकत घ्यायला जायचंय.”

सुनावणी धक्क्यावरच्याच कार्यालयात होती. लांब टेबल, हिरवे कापड, काचेखाली दाबलेला जलमार्गाचा नकाशा, आणि खिडकीतून खाली बांधलेली ‘उसंत’. अध्यक्षांना सर्दी झाली होती. त्यांच्या उजव्या हाताला खात्याचे खुणा अधिकारी बसले होते. जलमार्गावरचा प्रत्येक बोया त्यांच्या अखत्यारीत. केस नीट विंचरलेले, स्वर मऊ. त्यांनी उठून बाईंसाठी खुर्ची ओढून दिली.

“तुमची हरकत काय आहे, बाई?” अध्यक्षांनी विचारले. “तुम्हाला तर दोषमुक्त केलंय.”

“तीच हरकत आहे.”

अध्यक्षांनी रुमाल नाकावरून खाली घेतला.

“मिस्टरांनी डावीकडे हात केला,” बाई म्हणाल्या. “पण मी वळले नाही. आमच्या बोटीवर हात पाळायचा नियम होता. त्या दिवशी मी तो मोडला.”

नणंदेने त्यांच्याकडे पाहिले. बाईंनी तिच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर पुढचे वाक्य आले नसते.

“मला वाटलं, ते नेहमीसारखे उगाच सांगतायत. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. बोयावर ठेवला. बोयाच्या उजवीकडून, नकाशात दाखवलंय तश्शी गेले, आणि वाळूवर आदळले. ते बरोबर सांगत होते. त्यांचं ऐकलं असतं तर ते आज असते. हे अहवालात लिहा.”

“वहिनी,” नणंद हळूच म्हणाली. तिने टेबलाखाली बाईंच्या हातात दिलेला आपला हात काढून घेतला. तो परत यायला पुढे फार दिवस गेले.

खुणा अधिकाऱ्यांनी सहानुभूतीने मान हलवली. “बाईंची मनःस्थिती आपण समजू शकतो, साहेब. मृत पतीचा दोष स्वतःवर घेणं, हे आपल्या बायकांत असतंच. बोट उजवीकडून गेली असती तर रुतलीच नसती. तिथे भरपूर पाणी आहे. आपण स्वतः पाहिलंय.”

“आज आहे,” बाई म्हणाल्या. “खिडकीतून खाली बघा. बोटीच्या डाव्या अंगाला तुमच्या बोयाचा रंग लागलाय. मी म्हणते तशी बोट उजवीकडून गेली तर बोया तिच्या डाव्या अंगालाच घासणार. अहवालात म्हटलंय तशी डावीकडून गेली असती, तर तो उजव्या अंगाला लागला असता.”

अध्यक्ष उठले. सर्दी झालेली माणसे सहसा उठत नाहीत. ते खिडकीपाशी गेले, मग जिना उतरून धक्क्यावर गेले, आणि सगळ्यांना त्यांच्या मागे जावे लागले. त्यांनी वाकून लाल पट्ट्यावर बोट फिरवले, मग बोटीच्या पलीकडच्या फळीवर चढून उजवे अंग पाहिले. ते स्वच्छ होते. नणंद डाव्या अंगापाशी उभी राहिली आणि तिने तो पट्टा तळहाताने झाकला, जखमेवर ठेवावा तसा.

अध्यक्ष खाली उतरले. त्यांचा स्वर बदललेला नव्हता; त्यांना एवढेच उमगले होते की ही विधवा खोटे बोलत असेल तर बोया निर्दोष आहे, आणि खरे बोलत असेल तर समितीने सही कशावर केली हे आता समितीलाच विचारले जाईल.

“बाईंनी बोया पाळला,” ते खुणा अधिकाऱ्यांना म्हणाले, “आणि बोट रुतली. मग त्या दिवशी बोया कुठे होता?”

खुणा अधिकारी पाण्याकडे वळले. नंतर त्यांनी जे सांगितले ते लेखनिकाने शब्दशः उतरवून घेतले, आणि अंतिम अहवालात ते परिशिष्टात आहे, जिथे सहसा कोणी पोहोचत नाही:

“बोया नकाशात आहे तिथेच होता, साहेब. सरकली होती ती वाळू. मला ते आधीपासून माहीत होतं. पण बोया हलवायचा तर वाळू सरकल्याचं मी लेखी कळवायला हवं, आणि मग इतके दिवस का कळवलं नाही, हे मलाच विचारलं गेलं असतं. म्हणून मी तो तसाच राहू दिला. आमच्या खात्याच्या लाँचवाल्यांना मी तोंडी सांगून ठेवलं होतं, की त्या बोयाच्या डावीकडून जात जा.”